कम राउंडचा चौथा अर्थ

(गिरगावातल्या एका वाडीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. जानेवारी १९५६. करफ्यू सकाळपुरता उठला आहे.)

सुमती : पोराला गोळी लागली म्हणता, आणि हसताय काय हो, धोंडू?

धोंडू : लागली होती, वयनी. होती. आता बरा आहे दौलत. तेच सांगायला इस्पितळातून धावत आलो. अप्पानू, कोट घाला आणि चला माझ्याबरोबर.

अप्पा : गोळी? आपल्या दौलतला? अरे, कधी?

धोंडू : परवा संध्याकाळी. हितंच, तुमच्या नाक्यावर. आमच्या गाळ्यातल्या बुधाजीनं डोळ्यांनी बघितलं आणि लालबागला येऊन सांगितलं. तोवर करफू लागला. मी कसा पोचलो तो माझा मला म्हायत. वाटेत पोलिसांनी पकडून बसवून ठेवला. म्हटलं, बाबांनो, झिलाक बघूक जातंय, दगड मारूक नाय. शेवटी एक हवालदार रत्नागिरीचा निघाला, त्यानं सोडला.

सुमती : परवा संध्याकाळी! अहो, म्हणजे इथून खाली उतरला तेव्हाच की.

धोंडू : इथून? दौलत इथं होता?

अप्पा : हो. म्हणजे... शिकवणीला आला होता.

धोंडू : शिकवणीला! आणि मी समजत होतो, मोर्च्यात असणार. बघा! म्हणजे बाई बोलली ते खरंच.

सुमती : कोण बाई?

धोंडू : इस्पितळातली. टोपीवाली, गोरीशी. सगळ्या नर्सांवरची मोठी असणार. मराठी येत नाय तिला, आणि हिंदी माझ्याहून वाईट. पण मला तिचं कळलं! काय म्हणाली सांगू, अप्पानू? ही केम राउंड!

अप्पा : काय म्हणालास?

धोंडू : ही केम राउंड. तुमचाच शब्द! तुम्हीच नाय का शिकवलात? गेल्या आयतवारी मी हितं येऊन रडलो होतो. पोरगा ऐकत नाय, रोज सभा, रोज घोषणा. तुम्ही मिलच्या हापिसात शब्द टाकून ठेवलेला, परीक्षा तोंडावर, आणि हा म्हणतो आधी मुंबई महाराष्ट्रात येऊ दे, मग माझी नोकरी. मी म्हटलं, परत सभेला गेलास तर गाळ्यात पाऊल ठेवू नको. तेव्हापासून बोलणं बंद. बाप मिलमधले साचे चालवून बहिरा आणि झील रागानं मुका. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

अप्पा : ही विल कम राउंड.

धोंडू : येईल वळणावर. बापाच्या मताला येईल. तुम्ही असंच सांगितलंत.

अप्पा : हो. असंच सांगितलं.

धोंडू : गिरगाव ते लालबाग मी चालत गेलो, तोच शब्द घोळवत. विसरलो तर? घरी पोचल्यावर शेवंतीला सांगायला गेलो तर जीभ अशी वळली की ती म्हणते, मेल्यानू, देवासमोर असलो घाण शब्द बोलतात काय? मग अर्थ सांगितला, तेव्हा हसली. आता रोज पाळी सुटून आलो की ती दारातच विचारते, इलो काय कमराउंड? मी मान हलवतो. नाय इलो, नाय आला अजून. अख्ख्या चाळीला माहीत झालंय. पलीकडची कौसल्या समजते, कमराउंड म्हणजे आमचा कोण पाव्हणा आहे.

सुमती : धोंडू, तुम्ही पाणी तरी घ्या.

धोंडू : पाणी प्यालो, वयनी. त्या बाईनंच दिलं. खरं सांगतो, स्वतः काचेचा पेला भरून आणला. मी तर वऱ्हांड्यात भुईवर बसलेला, अंगावर हा असा मळका सदरा. ती आली, माझ्या बाजूला वाकली, पाठीवर हात ठेवला. मडमेसारखी बाई! तिलाच किती आनंद झाला असेल, बघा.

सुमती : पाठीवर हात ठेवला?

धोंडू : ठेवला. बराच वेळ ठेवला.

सुमती : ...अहो.

अप्पा : थांब जरा. धोंडू, तू दौलतला भेटलास का? डोळ्यांनी पाहिलंस?

धोंडू : आत कुठे सोडतात? वार्डाच्या दारावर पोलीस. गोळी लागलेल्यांना भेटायला बंदी. रात्रभर वऱ्हांड्यात बसलो. सकाळी बाई आली ती थेट माझ्याकडे. म्हणाली, दौलत? फादर? मी म्हटलं, यस. मग ती बोलली ते मी सांगितलं. आणि हिंदीत म्हणाली, कोई पढ़ा आदमी लाओ, सही के वास्ते. आणि कपडा लाओ.

सुमती : कपडा.

धोंडू : त्याचा सदरा रक्तानं भरलेला असणार ना. तसाच घरी कसा नेणार? लालबागला जाऊन परत येईपर्यंत करफू लागेल. म्हणून म्हटलं वयनीकडे मागू. अप्पांचा एखादा जुना सदरा असला तर द्या. धुऊन, विस्तरी करून आणून देईन. दौलत उंच आहे, पण घरी जाण्यापुरता चालेल.

सुमती : देते.

धोंडू : जुनाच द्या हां.

अप्पा : धोंडू, ती बाई नक्की काय बोलली? आठवून सांग. जसं कानावर पडलं तसं.

धोंडू : सांगितलं की. ही केम राउंड.

अप्पा : तेवढंच नसेल. पुढे?

धोंडू : पुढे बोलली थोडं. पण मला जो शब्द पाहिजे होता तो मिळाला, मग मी कशाला... थांबा. 'लिटल' म्हणाली. लिटल म्हणजे थोडा, ते मला येतं. मिलमध्ये साहेब म्हणायचा. मग 'बिफोर' असं काहीसं. मग 'दि अँड' म्हणाली. अँड म्हणजे आणि. दौलत पाठ करायचा ना रात्री, अँड म्हणजे आणि, बट म्हणजे पण. 'आणि' म्हणाली आणि पुढे बोललीच नाय. मग परत 'फादर' म्हणाली, 'आस्क' म्हणाली. फादर म्हणजे मी.

अप्पा : 'दि' म्हणाली? 'अँड'च्या आधी 'दि'?

धोंडू : म्हणाली. का? चुकलं?

अप्पा : तुझं ऐकण्यात काही... तुला साच्यांमुळे ऐकू कमी येतं.

धोंडू : येतं कमी. पण ती कानाजवळ बोलली. काय झालं अप्पानू? अर्थ तोच ना? वळणावर आला?

अप्पा : त्याचं असं आहे, धोंडू. इंग्रजीत हे एक मोठं लबाड क्रियापद आहे. कम म्हणजे येणं, हे सोपं. पण त्याच्यामागे एखादा लहानसा शब्द लावला की त्याचा अर्थ पार दुसरीकडे जातो. आता कम राउंड. शेजारचे शामराव संध्याकाळी गप्पा मारायला आले, तर म्हणायचं, शामराव केम राउंड. हा झाला एक.

धोंडू : तो नको. दुसरा?

अप्पा : दुसरा, सणवार. आता संक्रांत होऊन गेली. वर्षानं ती फिरून येईल. संक्रांत विल कम राउंड.

धोंडू : म्हणजे आमचे गणपतीसुद्धा कमराउंड. पुढच्या वर्षी लवकर या.

अप्पा : हो. तसंच.

धोंडू : आणि तिसरा आमचा. मताला येणं.

अप्पा : तिसरा तुमचा. माणूस हट्टाला पेटलेला असतो, मग हळूहळू त्याचं मन वळतं. तुझ्या-माझ्यासारख्या जुन्या माणसांना वाटतं, आपण समजावलं म्हणून वळलं. तसं असतंच असं नाही. कधी कधी नुसता वेळ जावा लागतो... इथे एक बारीक गोष्ट आहे, धोंडू. तिसऱ्या अर्थात साधारणपणे कशाच्या मताला आला तेही सांगतात, म्हणजे टू अमुक, टू तमुक...

सुमती : चौथा सांगा.

अप्पा : काय?

सुमती : चार सांगितले होते तुम्ही दौलतला. मी इथेच वाल सोलत बसले होते. चौथा सांगा त्यांना.

अप्पा : मला सगळं नीट आठवत नाही गं.

सुमती : आठवतं तुम्हाला. आयुष्यभर साहेबाचे मसुदे लिहिलेत, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. तो माणूस उभा आहे समोर. सांगा.

धोंडू : चौथा आहे? मगे तो सांगा ना. वाईट आहे काय?

अप्पा : नाही रे. वाईट नाही. कम राउंड म्हणजे... शुद्धीवर येणं.

धोंडू : शुद्धीवर?

अप्पा : बेशुद्ध पडलेला माणूस डोळे उघडतो, त्याला कळायला लागतं. ही केम राउंड. शुद्धीवर आला.

धोंडू : अरे देवा! मग हा तर सगळ्यांत चांगला! अहो, मताला नाय आला तर नाय आला. जाऊ दे. करू दे काय सभा करायच्या त्या. मी अडवणार नाय, मीच जाईन बरोबर. शुद्धीवर आला ना? वयनी, तुम्ही कसल्या घाबरवता! मला वाटलं, चौथा म्हणजे काय भलतंच. चला अप्पानू, उठा. शुद्धीवर आला म्हणजे भूक लागली असेल त्याला.

सुमती : धोंडू.

धोंडू : थोडा शुद्धीवर आला. लिटल. थोडा आज, थोडा उद्या. होईल.

अप्पा : धोंडू, बस.

धोंडू : बसायला वेळ कुठे आहे? करफू लागेल.

अप्पा : तू आधी बस. मला तुला आणखी एक सांगायचंय. परवा दौलत शिकवणीला आला, हे खरं. पण शिकवणी पुरी झाली नाही. नाक्यावरून आवाज यायला लागला. त्याचं लक्ष उडालं. मी वाक्य सांगतोय आणि हा खिडकीकडे बघतोय. मी म्हटलं, दौलत, इकडे. तो म्हणाला, अप्पा, एवढं बघून येतो. मी अडवायला हवं होतं. मी... मला कुणाला अडवता येत नाही, धोंडू. मी फक्त म्हटलं, वाक्य अर्धं राहिलंय.

धोंडू : म्हणजे मोर्च्यात गेला.

अप्पा : गेला.

सुमती : पायात चपला सरकवताना माझ्याकडे बघून म्हणाला, काकू, येतो. चांगलं आठवतं मला. येतो म्हणाला.

धोंडू : तो नेहमी येतोच म्हणतो. लहानपणी एकदा 'जातो' म्हणाला होता, तर शेवंतीनं धपाटा घातला होता. तेव्हापासून येतो... पण हे आता कशाला सांगता, अप्पानू? गेला मोर्च्यात तर गेला. मी म्हटलं ना, मी रागावणार नाय. शुद्धीवर आला, सपलं.

अप्पा : ती 'दि अँड' म्हणाली म्हणतोस.

धोंडू : म्हणाली.

अप्पा : इंग्रजीत 'आणि'च्या आधी 'दि' येत नाही रे. कधीच येत नाही.

धोंडू : मग?

अप्पा : आज पहिल्यांदा वाटतंय, आपलं इंग्रजी कच्चं असावं. खरंच, कच्चंच असेल. कुठे विलायतेत शिकलोय मी? एखाद्या अँग्लोइंडियन बाईची बोलण्याची ढब वेगळी असेल. तिनं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितलं असेल. आपण जाऊन तिलाच विचारू. मी कोट घालतो. तिलाच विचारू, काय?

सुमती : म्हणजे तिनं सांगावं आणि तुम्ही नुसतं उभं राहावं. तिचं यांना कळणार नाही, पुन्हा तुम्हालाच मराठीत सांगावं लागणार. आणि तिथे, पोलिसांसमोर. त्यापेक्षा इथे, घरात सांगा.

अप्पा : मला नाही जमायचं गं.

धोंडू : काय नाय जमायचं? वयनी, काय चाललंय तुमचं? मला कोण सांगेल काय?

सुमती : धोंडू, दौलतनं तुम्हाला सिनेमाला नेलं होतं ना मागे? तो सांगत होता.

धोंडू : नेलं होतं. गणपतीत. मला आणि शेवंतीला. इंग्रजी होता, घोड्यांचा. मला काय कळला नाय, पण घोडे चांगले होते. दौलत कानात सांगत होता सगळं. त्याचं काय?

सुमती : सिनेमाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं येतात. मोठी, इंग्रजी.

धोंडू : येतात. मला कुठे वाचता येतंय? ती आली की दिवे लागतात आणि लोक उठतात.

सुमती : ती अक्षरं काय, ते दौलतनं सांगितलं नव्हतं कानात?

धोंडू : सांगितलं होतं. म्हणाला, बाबा, चला. दि...

अप्पा : धोंडू...

धोंडू : दि एंड.

सुमती : बसा. इथे बसा, भिंतीला टेकून. अहो, धरा त्यांना.

धोंडू : म्हणजे ती 'आणि' नव्हती.

अप्पा : नाही रे.

धोंडू : ही केम राउंड. लिटल. बिफोर... बिफोर म्हणजे?

अप्पा : आधी. शेवटाच्या थोडं आधी तो शुद्धीवर आला होता, असं ती म्हणाली.

धोंडू : म्हणून हात ठेवला पाठीवर.

सुमती : हो.

धोंडू : आणि मी हसलो. वयनी, मी तिच्या तोंडावर हसलो. थँक्यू म्हटलं. ती बघतच राहिली माझ्याकडे. तिला काय वाटलं असेल? पोरगा मेला आणि बाप हसतोय.

सुमती : तिला काही वाटलं नसेल. त्यांना सवय असते, माणसं दुःखात कशीही वागतात त्याची.

धोंडू : मला दुःख कुठे होतं? मला आनंद झाला होता. इस्पितळापासून हितंवर मी पळत आलो. खालच्या दुकानात पेढे घ्यायला गेलो, वयनी. दुकान बंद होतं म्हणून, नायतर पेढे घेऊन आलो असतो मी तुमच्या दारात.

अप्पा : माझ्यामुळे झालं हे. तो शब्द मी तुला दिला नसता तर...

धोंडू : तुमचं काय नाय, अप्पानू. बाईला एवढंच बोलायचं होतं, आणि मला तेवढाच शब्द येत होता. तुम्ही काय करणार? ...फादर म्हणाली ती. ते कशाला? तेवढं सांगा. आता सगळं सांगा, काय ठेवू नका.

अप्पा : आस्क्ड. विचारलं. शुद्धीवर आला तेव्हा त्यानं तुझ्याबद्दल विचारलं असणार. बाबा कुठे आहेत, असं काहीतरी.

धोंडू : असणार, की विचारलं?

अप्पा : विचारलं. यात मी चुकणार नाही.

धोंडू : आणि मी बाहेर वऱ्हांड्यातच होतो. मधे एक भिंत आणि तो पोलीस... रागावून नसेल विचारलं?

अप्पा : नाही.

धोंडू : तुम्हाला काय म्हायत?

अप्पा : रागावलेला माणूस शुद्धीवर आल्याआल्या ज्याच्यावर रागावलाय त्याच्याबद्दल विचारत नाही, धोंडू. हे इंग्रजी नाही. हे मला कळतं.

धोंडू : मगे तो तिसराच झाला म्हणायचा. तिसरा आणि चौथा. दोन्ही.

अप्पा : तसं म्हणता येईल.

धोंडू : भाषेत बसतं काय ते? की मला बरं वाटावं म्हणून सांगता?

अप्पा : भाषेत बसतं. एका वाक्यात दोन अर्थ बसतात कधी कधी.

सुमती : धोंडू, हा सदरा घ्या.

धोंडू : हा नको, वयनी. हा नवा आहे. जुना द्या म्हटलं होतं मी.

सुमती : यांच्यासाठी दिवाळीला शिवला, यांनी घातलाच नाही. लाजतात नवं घालायला. अजून घडी मोडलेली नाही त्याची.

धोंडू : आता नवा कशाक?

सुमती : घडी दौलतला मोडू दे.

धोंडू : ...द्या.

सुमती : आणि तुम्ही काय बघत बसलात? कोट घाला. सही तुम्हाला करायची आहे. नीट चष्मा लावा आणि काय लिहिलंय ते सगळं वाचून मग करा.

अप्पा : घालतो. धोंडू, तुझ्या घरी निरोप पाठवू का कुणाबरोबर? शामरावांचा भाचा परळला जायचाय. शेवंतीला उगाच तू पोचेपर्यंत...

धोंडू : नको, अप्पानू. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको. ती दारात उभी असणार. कालपास्नं उभी असणार. मला बघितलं की पहिलं तेच विचारणार. इलो काय?

सुमती : काय सांगाल तुम्ही तिला?

धोंडू : खोटा कशाक सांगू, वयनी? इल्लो, म्हणान सांगतंय. थोडो येळ इल्लो.